वातींची बरणी

सुजाताचा फोन आला तेव्हा तिच्या वडिलांचंच पार्सल माझ्या हातात होतं. यात योगायोग वगैरे काही नाही. वणीतल्या माझ्या कुरिअरच्या दुकानात नगराळेभाऊंचं काही आलं नाही असा आठवडा गेल्या काही वर्षांत क्वचितच गेला असेल. आमची गाडी मुकुटबनपर्यंत जात नाही, म्हणून त्यांचा माल माझ्याकडे उतरायचा आणि ते एसटीनं येऊन तो घेऊन जायचे. फोनवर नाव दिसलं तसा मी सवयीनं म्हणालो, "सांग तुझ्या बाबांना, आलं म्हणावं त्यांचं कबाड." पलीकडून ती म्हणाली, "काका, बाबा गेले." मी ते खोकं फळीवर परत ठेवलं, पत्त्याची बाजू भिंतीकडे करून. तसं का केलं ते अजून मला सांगता येत नाही. पण ते नाव डोळ्यांसमोर नको होतं, एवढं खरं.

मधुकर नगराळे राजूरच्या कोळसा खाणीत फिटर होते. निवृत्तीनंतर मुकुटबनला, आपल्या मूळ गावी, वडिलांच्या घरात राहायला आले. गावाशेजारी थोडं वावर, त्यात कपाशी आणि तूर, वावर बघायला मारोती आत्राम नावाचा माणूस, आणि घरात शांतावहिनी. मुलगी सुजाता नागपूरला. एवढा सरळ संसार. त्यात हे पाईपचं वेड कुठून शिरलं, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. खाणीत एक जुने मॅनेजर होते, त्यांच्या तोंडात कायम पाईप असे. पण खाली खाणीत काडी ओढायची सक्त बंदी, म्हणून तो कधीच पेटलेला नसे. साहेब विझलेला पाईप चावत चावत हुकूम सोडायचे. एकदा तो पाईप रुळावर पडून मोडला आणि साहेबांचं तोंड, भाऊंच्या शब्दांत, माय हरवलेल्या वासरासारखं झालं. भाऊंनी तो वर्कशॉपमध्ये नेऊन पितळेची बारीक कडी बसवून जोडून दिला. बदली झाली तेव्हा साहेब तो पाईप भाऊंनाच देऊन गेले.

पुढे सुजातानं बापाच्या हातात मोबाइल दिला आणि भाऊंना शोध लागला की असे जुने, वापरलेले, टाकून दिलेले पाईप लोक घरबसल्या विकतात. मग सुरू झालं. कधी कलकत्त्याहून, कधी देहरादूनहून, कधी कुठल्या चहामळ्याच्या मोडीत निघालेल्या सामानातून, तर कधी थेट विलायतेहून. पहिलं पार्सल माझ्या दुकानातच फोडलं गेलं आणि जो वास सुटला, तो दिवसभर गेला नाही. जुना तंबाखू, ओली राख, आणि त्याखाली आणखी काहीतरी, माणसाच्या तोंडाचं. मी नाक दाबलं. भाऊ मात्र त्या पाईपचं काळं, कडक रबराचं टोक उजेडात धरून त्यावरच्या दातांच्या खुणा बघत होते. मला म्हणाले, "पाह्य दिलीपभाऊ, हा मानूस डाव्या दाढेनं धरत होता. उजवीकडची पडली असन त्याची." तो माणूस बहुधा मेलेला होता. त्याच्या पोरांनी त्याचं सामान विकलं होतं, म्हणून तर पाईप मुकुटबनला येऊ शकला. भाऊंना त्याचं काही वाटत नसे, मला वाटायचं. वहिनींना तर फारच. मेलेल्या माणसाच्या तोंडातली वस्तू माझ्या स्वयंपाकघरात नको, असं सांगून त्यांनी भाऊंना गोठ्याशेजारच्या मागच्या खोलीत पाठवलं होतं. त्या खोलीला परसातून वेगळं दार होतं आणि ते कायम उघडं असायचं.

गंमत अशी की या माणसानं आयुष्यात एकदाही तंबाखू ओढला नाही. मी चिडवायचो, पंचशील घेतलेल्या माणसाच्या घरात एवढ्या चिलमी कशाला? ते हसून म्हणायचे, पाचव्या शीलात प्यायला मनाई आहे, घासायला नाही. आणि घासणं म्हणजे काय घासणं! पाईपच्या भांड्यातली वर्षानुवर्षांची काजळी खरवडायची. मग भांड्यात मीठ भरून वर स्पिरिट ओतायचं आणि दिवसभर तसंच ठेवायचं. मीठ हळूहळू चहाच्या रंगाचं होई, आणि आधीच्या मालकाचा वास त्यात उतरे. रबराचं हिरवट पडलेलं टोक बारीक पॉलिशपेपरनं पाण्यात घासून काळंभोर करायचं, दातांच्या खुणा आचेवर शेकून वर आणायच्या. शेवटी पाईप तोंडात धरून नुसती हवा ओढून बघायची, वाट मोकळी आहे की नाही. याला ते 'ओढ बघणं' म्हणत. हे झाल्याशिवाय पाईप बरा झाला असं ते मानत नसत.

पाईपच्या नळीतून फिरवायला एक बारीक तार मिळते, तिच्यावर कापूस पिळलेला असतो. दिव्याच्या वातीसारखी दिसते, म्हणून भाऊ तिला वातच म्हणायचे. त्यांच्या खोलीत लोणच्याची एक जुनी चिनीमातीची बरणी होती, तिच्यात या वाती उभ्या ठेवलेल्या असत. काम करताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून एक वात नेहमी त्यांच्या ओठांत असे. शिंपी टाचण्या धरतो तशी. वापरलेली वातही ते फेकत नसत. स्पिरिटमध्ये बुडवून, पिळून, दोरीवर वाळवून परत बरणीत. खाणीतल्या फिटरचा हात तो, त्याला तार फेकणं जमतच नसे. हे सगळं मारोती बघत असे. वावरातून येता-जाता तो त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचा आणि दोघं तासभर न बोलता एकमेकांच्या सोबतीनं बसून राहायचे.

मग ते साल आलं. आमच्या भागात ते कुणी विसरलेलं नाही. आधीची वर्षंही काही सुखाची नव्हती, बोंडअळीनं कपाशी पोखरून ठेवली होती. पण त्या साली झाडं माणसाच्या डोक्यावर गेली. खाली वाकून मारायचं औषध लोक हात वर करून मारू लागले आणि ते त्यांच्याच तोंडावर पडू लागलं. एका औषधात दुसरं मिसळ, दुसऱ्यात तिसरं, जो तो दुकानदार सांगेल तसं. फवारून आलेली माणसं डोळे गेले, दिसत नाही, म्हणत अंगणात बसू लागली. कुणाला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, कुणी तिथून परत आलंच नाही. वणीच्या स्टँडवर मी रोज अशी माणसं बघत होतो, डोळ्यांवर ओला रुमाल धरून बसलेली. सगळ्या मुलखाला एकच वास येत होता. भाकरीला, कपड्यांना, एसटीच्या सीटला.

भाऊंना एका गोष्टीचा फार राग होता. पंपाचं नोझल कचऱ्यानं चोंदतं, तेव्हा फवारणारा माणूस ते काढतो, ओठांत धरतो आणि जोरात फुंकतो. सगळेच तसं करतात. त्यांचे बाप तसंच करत आले. भाऊंनी मारोतीला तसं करताना रस्त्यावरून पाहिलं आणि म्हातारा तिथूनच ओरडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे निरोप धाडला की वातींची मोठी पाकिटं मागवली आहेत, आली की लगेच कळव. त्यानंतर पाईप कमी आणि वाती जास्त येऊ लागल्या. भाऊ ती पाकिटं पिशवीत घालून गावभर हिंडायचे, फवारणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मूठभर वाती द्यायचे. नोझल चोंदलं तर ही वात फिरवायची, तोंड लावायचं नाही. सांगून सांगून त्यांचा घसा बसला. लोक हसले, पण वाती घेतल्या. मारोतीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "तुले लागन तशा बरनीतून घेत जाय. मले इचारत नोको बसू."

भाऊ स्वतः त्या साली वावरात गेलेच नाहीत. छातीचा जुना त्रास होता, वहिनींनी शपथ घातली होती. ते मागच्या खोलीत पाईप घेऊन बसत. म्हणून जे सुरू झालं, त्याचा फवाऱ्याशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. आधी डोळ्यांना पाणी. मग तोंडाला पाणी सुटायचं, इतकं की बोलताना रुमाल धरावा लागे. एकदा दुकानात आले, तेव्हा थंड हवेचा दिवस होता आणि त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. खोक्यावरचा पत्ता वाचता येईना. "उजेड कमी झाल्यासारखा वाटून राह्यला," म्हणाले. बाहेर भर दुपार होती. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. बरं वाटायला लागलं तसं हसून म्हणाले, "दिलीपभाऊ, एक नवल सांगू? माही बरनी काही आटून नाही राह्यली. पाकिटं सारी गावात वाटतो, तरी बरनी भरेलच राह्यते." मी म्हणालो, वहिनी भरत असतील गुपचूप, नवऱ्याला घरात बसवून ठेवायचा तोच एक उपाय आहे. दोघंही हसलो. तिकडे वहिनींना वाटत होतं की भाऊच भरतात.

त्यांना सुजातानं नागपूरला नेलं. तिकडे आठवडाभर राहिले आणि पार ठणठणीत झाले. मला फोनवर म्हणाले की दृष्टीसुद्धा परत आली, आता वाटतं मुकुटबनच्या पाण्यातच काहीतरी आहे. परत आल्यावर वहिनींनी विहिरीचं पाणी बंद केलं, पिण्यासाठी कॅन आणले. भाऊ परतले, खोलीत बसले, नवा पाईप हातात घेतला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा तेच. जितकं बरं वाटेनासं होई, तितके ते त्या खोलीत जास्त बसत, कारण दुसरं काही करण्याचं अंगात बळ नव्हतं. वणीत डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली तेव्हा मी सोबत होतो. बुबुळातले काळे ठिपके आकसून मोहरीएवढे झाले होते. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, फवारणी केली का? आणि भाऊंनी दोनदा सांगितलं, मी वावरात पाय ठेवला नाही. ते खोटं नव्हतं. मीही मान डोलावून साक्ष दिली. छातीच्या औषधात बदल करून आम्हाला घरी धाडलं.

शेवटची भेट त्यांच्या खोलीत झाली. साहेबांचा तो कडी बसवलेला पाईप त्यांनी पुन्हा घासायला काढला होता, उगीचच. त्याला घासण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओठांत वात होती. मला बसायची खूण केली, बोलले नाहीत. हात कापत होते आणि मांसाच्या आत काहीतरी वळवळावं तसे दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. मी निघालो तेव्हा त्यांनी वात काढून पुसली, बरणीत ठेवली आणि झाकण लावलं. त्यानंतर चारच दिवसांनी ते गेले, खुर्चीत बसल्या बसल्या, सकाळी. त्रिशरण-पंचशील म्हणून त्यांना निरोप दिला तेव्हा पाठीमागे दोन माणसं कुजबुजत होती की त्या पाईपांनीच खाल्लं याला, मेलेल्यांचे रोग तोंडात घेतले. मला राग आला. विज्ञान मानणाऱ्या माणसाच्या मयतीत असलं बोलायचं, म्हणून मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ते अर्धं खरं बोलत होते, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

काही आठवड्यांनी वहिनींना भेटायला गेलो. पाईपांचं काय करायचं ते ठरवायचं होतं, म्हणून आम्ही मागच्या खोलीत बसलो होतो. परसातल्या दारानं मारोती आला. नमस्कार केला, सरळ फळीपाशी गेला, बरणीचं झाकण काढलं आणि हातातली वातींची जुडी आत उभी केली. स्वच्छ धुतलेली, वाळवलेली, वर कपाशीच्या सुतानं बांधलेली. वहिनींकडे बघून म्हणाला, "भाऊच्या वाती राह्यल्या होत्या माह्यापाशी. आता फवारनी संपत आली."

मी विचारलं, "नेहमी इथंच ठेवायचास?"

"हो न. भाऊ ठेवत तशाच. कुंडीवर धुवाच्या, वाळवाच्या आन् बरनीत ठेवाच्या. चांगल्या तारा फेकाच्या कायले?"

वहिनींना माझ्या आधी समजलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मी उठलो, मारोतीच्या हातातलं झाकण खसकन ओढून घेतलं आणि त्याला हात साबणानं धुवायला सांगितलं. तो गोंधळून बाहेर गेला. पाण्यानं तसलं औषध कापसातून जात नाही, हे त्याला कुणी सांगितलं होतं? नवी वात तो घेऊन जात होता आणि जुनी, धुतलेली, प्रामाणिकपणे परत ठेवत होता. बरणी त्यानंच भरती ठेवली होती. वहिनी हळूच म्हणाल्या, "त्याले सांगू नका दिलीपभाऊ. तो जगनार नाही." मी बरणी पोत्यात गुंडाळली आणि सोबत घेऊन आलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता खात्रीनं काही सांगता येणार नाही, पण असं होऊ शकतं. एका वातीनं नसेल झालं. पण रोज, ओठांत, दीड-दोन महिने... त्यांनीच सांगितल्याप्रमाणे मी ती बरणी वस्तीपासून दूर, खोल खड्ड्यात पुरली.

मी वहिनींना शब्द दिला होता, पण माझा चेहरा माझ्या ताब्यात कधीच नसतो. मारोतीनं त्या दिवशी तो वाचला होता. आठवड्याभरात तो मुकुटबनहून एसटीनं माझ्या दुकानात आला आणि काउंटरपाशी उभा राहिला. गर्दी ओसरेपर्यंत थांबला. मग त्यानं विचारलं, "बरनी काहून नेली तुम्ही?" मी काहीबाही सांगू लागलो. तो ऐकत राहिला, आणि माझं बोलणं आपोआप आटलं. मग मी त्याला खरं सांगितलं. डॉक्टर जेवढं म्हणाले तेवढंच, त्याहून एक शब्द जास्त नाही. तो खाली बसला. रडला नाही. आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहत राहिला, जणू ते त्याला आजच कुणी आणून दिले होते. शेवटी म्हणाला, "पेपरात लिहिता न तुम्ही? हे लिवा. माह्या नावासकट लिवा. दुसऱ्या कोनी धुऊन ठेवू नये."

म्हणून हा लेख. वहिनींना विचारून आणि मारोतीला दोनदा वाचून दाखवून. तो मला दोषी वाटत नाही, हे मी स्पष्ट लिहितो. उधार घेतलेली वस्तू धुऊन परत करावी, हे आपण सगळेच शिकलो आहोत आणि सगळेच काही पाळत नाही. त्यानं पाळलं. आणि भाऊंनी दुसऱ्यांचे ओठ वाचवायला जे दिलं, तेच फिरून त्यांच्या ओठांत आलं. याचा विचार करायला लागलो की डोकं चालेनासं होतं. माझ्या दोस्ताला त्याच्या चांगुलपणानं मारलं, असं मी म्हणणार नाही. त्याला विषानं मारलं. ते बाटलीत भरून, रंगीत चित्र चिकटवून, आमच्या गावोगावच्या दुकानांत मिळतं.

फळीवरचं ते शेवटचं पार्सल मी मारोतीसमोरच फोडलं. पाईप असेल असं वाटलं होतं. आत वातींची पाकिटं निघाली, गावात वाटायला मागवलेली. मी ती फेकून देणार होतो, पण मारोतीनं थांबवलं. शेवटची फवारणी काही वावरांत अजून बाकी होती, आणि वात नसली की लोक पुन्हा तोंड लावतील. पाकिटं घेऊन तो गेला.

परवा मुकुटबनला गेलो होतो. मागच्या खोलीत पाईप आहेत तसेच मांडलेले आहेत. साहेबांचा पाईप खुर्चीसमोर आहे, त्याच्या टोकावर ओढ बघताना उमटलेल्या भाऊंच्या दातांच्या खुणा. फळीवर बरणी होती तिथं एक गोल, स्वच्छ जागा उरली आहे. वहिनी तिथं दुसरं काही ठेवत नाहीत. आम्ही चहा घेत होतो तेव्हा मारोती परसातल्या दाराशी आला. आत आला नाही. हातमोजे घातलेल्या हातात वापरलेल्या वाती होत्या, प्रत्येक मधोमध दुमडून पिळलेली, पुन्हा कधी सरळ होणार नाही अशी. त्या टाकायला मागे खड्डा खणला आहे. पण वहिनींना दाखवल्याशिवाय तो त्या टाकत नाही, असं कळलं.

"मोडल्या?" वहिनींनी विचारलं.

"मोडल्या," तो म्हणाला, आणि त्यांची मान हलेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहिला.